नदीतून काढायची पानवेल (जलपर्णी) घरपोच येते आहे: पर्यावरण मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव,
केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली

प्रत: महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर, आणि रोपे-बियाणे घरपोच विकणाऱ्या सर्व ऑनलाइन कंपन्या

स.न.वि.वि.

मार्चमधली गोष्ट आहे. भर दुपारी आमच्या रोपवाटिकेत एक कॉलेजचा मुलगा आला. नासर्डीच्या काठावरच्या सोसायटीत राहतो, अधूनमधून तुळस नाहीतर मनी प्लांट न्यायला येतो. हातात पुठ्ठ्याचा खोका होता. म्हणाला, "मावशी, पाण्यात ठेवायची रोपं मागवलीत, पण मलूल दिसतायत. काय करू?"

मी खोका उघडला. प्लास्टिकच्या पिशवीत, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाच रोपे. देठ फुगलेले, बोटाने दाबले की स्पंजासारखे आत जाणारे. खाली काळ्या-जांभळ्या मुळांचा पिसासारखा झुपका. एका रोपाच्या बुडातून आडवा फुटवा निघाला होता आणि त्याच्या टोकाला नखाएवढे पिल्लू धरले होते. चार दिवस बंद खोक्यात, अंधारात प्रवास करून आलेले रोप, आणि वाटेत त्याने पिल्लू सोडलेले.

ती पानवेल होती. पुस्तकात जिला जलपर्णी म्हणतात, तीच. खोक्यावरच्या चिठ्ठीवर मात्र "जांभळ्या फुलांचे ऑक्सिजन रोप, देखभाल नको" असे छापले होते. पाच रोपांचे १४९ रुपये.

त्या मुलाची काही चूक नाही. त्याला बाल्कनीतल्या टबात फूल हवे होते. पण त्याच्या सोसायटीच्या मागून नासर्डी वाहते, ती पुढे टाकळीला गोदावरीला मिळते. टब धुताना, घर बदलताना, कंटाळा आल्यावर ती रोपे कुठे जाणार, हे मला दिसत होते. त्याला ते कोणीच सांगितले नव्हते. हे पत्र त्या खोक्यामुळे लिहिते आहे.

मी २३ वर्षे मखमलाबाद रोडला लहानशी रोपवाटिका चालवते. माहेर सायखेड्याचे. गोदावरी नाशिक सोडून ओढा गावावरून खाली आली की आमच्या सायखेडा-चांदोरीला येते आणि तिथून नांदूरमध्यमेश्वरला जाते. म्हणजे शहर नदीत जे सोडते, ते आधी माझ्या माहेरच्या दारात येते. उन्हाळ्यात पात्र असे हिरवे होते की नवख्याला वाटावे कुरणच आहे, चालत पलीकडे जाता येईल. माझ्या धाकट्या भावाची पाणी उपसायची मोटार नदीवर आहे. पानवेलीची मुळे फूटव्हॉल्व्हच्या जाळीला गुंडाळली की मोटार हवा धरते. मग तो कमरेइतक्या पाण्यात उतरतो, विळ्याने मुळे कापतो, हाताने ओढून काठावर टाकतो. वरून नुसती हिरवी दिसते, पण खाली पाण्याला वास येतो, डासांचे थवे उठतात. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने वेलींचा नवा तांडा तिथेच येऊन थांबलेला असतो. पावसाळ्यात याच वेली पुराबरोबर येऊन पुलाला अडकतात. पाण्याला वाट उरत नाही, ते गावाकडे वळते. २०१९ च्या ऑगस्टचा पूर आमच्या घरात कोणी विसरलेले नाही.

पुढे नांदूरमध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे, महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. जानेवारी २०२० मध्ये तसे जाहीर झाले, तेव्हा आम्हा निफाड तालुक्यातल्या लोकांना फार अभिमान वाटला होता. थंडीत हजारो मैलांवरून येणाऱ्या बदकांना तिथे उघडे पाणी लागते. पानवेलीने झाकलेल्या पाण्यावर ती उतरणार कुठे?

एक गोष्ट आधीच कबूल करते. सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा पानवेल विकली आहे. सिमेंटच्या टाकीत ठेवायचे आणि कोणी मागितली की पाच-दहा रुपयांना द्यायचे. मोराच्या पिसावरच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका असलेले ते फूल लोकांना आवडायचे. एका उन्हाळ्यात माहेरी गेले असताना भावाला पाण्यात उतरताना पाहिले आणि परत आल्यावर टाकी रिकामी केली. कोनोकार्पस या परदेशी शोभेच्या झाडाचेही तेच. बंगल्यांच्या कुंपणाला ती झाडे मीच पुरवली, नंतर बंद केली. तेव्हा मला कोणी नियम दाखवला असता तर मी तो पाळला असता. माझ्यासारखे बहुतेक रोपवाटिकावाले तो पाळतील.

परदेशी झाड म्हणून मी नाक मुरडत नाही. नाशिककराने तर मुरडूच नये. आमचे द्राक्ष बाहेरचे, टोमॅटो बाहेरचा, मिरची बाहेरची, दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. द्राक्षाचा वेल मांडव सोडून ब्रह्मगिरीवर चढत नाही. झेंडू तळे झाकत नाही. जे झाड माणसाच्या हातातून निसटून रानात, पाण्यात आपले आपण वाढते आणि तिथल्या झाडाझुडपांना जागा ठेवत नाही, त्याच्याविषयीच माझे म्हणणे आहे. हा फरक तुमच्या मंत्रालयाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.

लोक मला विचारतात, गोदावरीत इतकी पानवेल आधीच आहे, आणखी पाच रोपांनी काय बिघडणार? प्रश्न रास्त आहे. नदीतली पानवेल वाढते ती मुख्यतः सांडपाण्यावर. नाल्यांचे पाणी थांबल्याशिवाय ती हटणार नाही. ते दुखणे वेगळे आणि मोठे आहे, कुरिअरवर ढकलून मी कोणाला त्यातून सोडवत नाही. पण जिल्ह्यात पानवेल अजून न पोचलेले पाणी पुष्कळ आहे. द्राक्षबागांमधली शेततळी आहेत. पेठ-सुरगाण्याकडचे पाणी आहे, तिथल्या नद्या पश्चिमेला गुजरातकडे वाहतात. गंगापूर धरणाच्या बाजूला रिसॉर्ट उभे राहिले आहेत, त्यांच्या अंगणात शोभेची तळी आहेत, आणि तिथून धरणाचे पाणी हाकेच्या अंतरावर आहे. नदी स्वतःहून वर चढून तिथे बी नेणार नाही. कुरिअर नेते.

आणि पानवेलीला दहा रोपे पुरतात. चांगल्या उन्हात, खत मिळालेल्या पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. कागदावर हिशोब मांडला तर दहा रोपांची साडेसात महिन्यांत साडेसहा लाख होतात. तळ्यात जागा संपते म्हणून इतकी होत नाहीत, पण तळे भरते. तिचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते. वरची वेल काढली म्हणजे काम संपले असे होत नाही.

त्यात पानवेल एकटी नाही. त्या दिवसानंतर मी रात्री बसून फोनवर शोधत राहिले. केरळची भातखाचरे आणि कालवे ज्याने झाकले ते साल्व्हिनिया "मत्स्यटाकीसाठी तरंगते रोप" म्हणून मिळते. गोंडाळ मिळते, तिला "पाण्यातला कोबी" म्हटले आहे. जमीन झाकायला म्हणून सिंगापूर डेझी मिळते, ती ओढ्याकाठी एकदा धरली की दुसरे काही उगवू देत नाही. सुबाभळीचे बी किलोवर मिळते.

सगळ्यात जास्त काळजी वाटली ती "रानफुलांचे मिश्रण" या पाकिटांनी. फोटोत केशरी-पिवळी कॉसमॉसची फुले होती. ती रानफुले खरी, पण मेक्सिकोच्या रानातली. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर सीडबॉल, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, करून डोंगरावर टाकायची चांगली चाल पडली आहे. शाळा करतात, गणेश मंडळे करतात, ट्रेकिंगवाले करतात. सगळ्यांचा हेतू झाडे लावण्याचाच असतो. पण बी हल्ली बऱ्याचदा फोनवरून मागवलेले असते. ती पाकिटे रामशेजवर जातात, पांडवलेणीच्या डोंगरावर जातात, अंजनेरीवर जातात. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. तिचे शास्त्रीय नावच आमच्या डोंगरावरून पडले. वीतभर उंचीचे नाजूक रोप. पावसाच्या चार महिन्यांत उगवायचे, फुलायचे, बी धरायचे आणि मग कंदात झोपून जायचे. त्याच्या डोक्यावर पुरुषभर उंच कॉसमॉस दाटला, तर त्याला ऊन कुठून मिळणार? पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला कॉसमॉस काय करतो ते पाहून या. अंजनेरीवर ते घडल्यानंतर पत्र लिहायचे माझ्या मनात नाही.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार नावाची. औषधाच्या बाटलीवर घटक लिहावे लागतात, बियाण्याच्या पाकिटावर वाण लिहावा लागतो. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या शोभेच्या रोपावर मात्र विक्रेत्याच्या मनाला येईल ते नाव. तीच पानवेल मला सहा वेगवेगळ्या नावांनी दिसली, एकाही जागी शास्त्रीय नाव नव्हते. घेणाऱ्याने खरेखोटे तपासायचे म्हटले तरी कशावरून तपासणार?

दुसरी, विकणारा कोण हे कळत नाही. फळझाडांची कलमे विकायची तर रोपवाटिकेला परवाना लागतो, तपासणी होते. माझ्याकडे आंब्याचे कलम घेणारा उद्या खोटे निघाले म्हणून माझ्या दारात उभा राहू शकतो. खोक्यावरच्या त्या विक्रेत्याचा पत्ता मात्र अर्धवट होता आणि फोन लागत नव्हता. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० साली आले. त्यात विक्रेत्याची माहिती आणि तक्रार अधिकारी या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. रोपांच्या बाबतीत त्या कागदावरच राहिल्या, असा माझा अनुभव आहे.

तक्रार करून पाहिली नाही असेही नाही. त्या कंपनीच्या ॲपवर मी लिहिले की ही पाण्यात पसरणारी वनस्पती आहे, हिची विक्री थांबवा. दोन दिवसांनी उत्तर आले की वस्तू खराब निघाली असल्यास पैसे परत मिळतील. रोप खराब आहे असे मी म्हटलेच नव्हते. पुन्हा लिहिले, तेव्हा ती जाहिरात दिसेनाशी झाली. आठ दिवसांनी तोच फोटो नव्या नावाने परत आला. मग एका सरकारी कार्यालयात गेले. तिथले साहेब सज्जन होते, त्यांनी नीट ऐकून घेतले, पण हे बियाणे नाही आणि फळरोपही नाही, आमच्याकडे येत नाही म्हणाले. दुसऱ्या कार्यालयात सांगितले की जंगलाच्या हद्दीत काही झाले तर आम्ही बघू. तिसऱ्या ठिकाणचे उत्तर असे की नदीत आली की काढणे आमचे काम, विक्री आमच्या हातात नाही. तिघांपैकी कोणी खोटे बोलले नाही. हे काम कोणाचे, हे ठरलेलेच नाही.

आणखी एक. परदेशातून येणाऱ्या रोपांच्या तपासणीसाठी २००३ चा प्लांट क्वारंटाइन आदेश आहे. परदेशातून न मागवता आलेल्या संशयास्पद बियाण्यांच्या पार्सलांबद्दल ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने राज्यांना सावध केले होते. म्हणजे पार्सलमधून धोका येऊ शकतो हे सरकारने जाणले आहे. मग जे आधीच देशात आहे आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पार्सलने फिरते, त्याकडे कोण बघणार?

ही माहिती नवी नाही, म्हणून जास्त वाईट वाटते. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली. आज ती देशभरच्या जंगलात आहे. पानवेलही फूल सुंदर म्हणून आणलेली. तिने बंगालच्या नद्या आणि भातशेते अशी व्यापली की १९३६ मध्ये तिथे जलपर्णीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. गाजरगवत पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदले गेले, ते बाहेरून आलेल्या धान्यातून नकळत आले होते. आज तेच नकळत होत नाही. फोटो काढून, किंमत लावून, घरपोच होते आहे.

तुमच्या हातात कायदा नाही असेही नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ ची दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आक्रमक परकी प्रजाती म्हणजे काय याची व्याख्या त्यात आहे. कलम ६२-अ नुसार अशा प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांवर अधिसूचना काढून नियंत्रण किंवा बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. व्यापार हा शब्द त्यात स्पष्ट आहे. आक्रमक प्रजातींचा नव्याने शिरकाव २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्यात जगाने ठरवले, त्यात आपला देशही आहे. तमिळनाडूने २०२२ मध्ये आक्रमक वनस्पतींचे धोरण आणले. गुजरातने २०२३ मध्ये कोनोकार्पस लावण्यावर बंदी घातली. युरोपीय संघाने २०१६ पासून जलपर्णी विकणे आणि बाळगणे बंद केले. मखमलाबाद रोडच्या माझ्या रोपवाटिकेत मात्र, "ही झाडे विकू नका" असे सांगणारा एकही कागद आजवर कोणी आणून दिलेला नाही.

माझ्या मागण्या अवघड नाहीत.

कलम ६२-अ खाली विक्रीस मनाई असलेल्या वनस्पतींची यादी काढा आणि ती मराठीत काढा. शास्त्रीय नाव, बोलीतली नावे, रंगीत चित्र. पानवेलीला कुठे जलपर्णी, कुठे जलकुंभी, कुठे केंदाळ म्हणतात. यादी दिल्लीच्या एका फाइलमध्ये राहिली तर आम्हाला तिचा उपयोग नाही. सगळी यादी एकदम जमणार नसेल तर पाण्यातल्या वनस्पतींपासून सुरुवात करा, कारण त्या सगळ्यात वेगाने पसरतात.

ऑनलाइन विक्रीत प्रत्येक रोपाचे आणि बियाण्याच्या मिश्रणातल्या प्रत्येक जातीचे शास्त्रीय नाव सक्तीचे करा. ते नाव नसेल तर जाहिरात दिसूच नये. शस्त्रे आणि फटाके ज्या कंपन्यांना गाळता येतात, त्यांना पानवेलही गाळता येईल. मनाई असलेले रोप पुन्हा पुन्हा टाकणाऱ्या विक्रेत्याचे खाते बंद करण्याची जबाबदारी कंपनीची असली पाहिजे. फक्त जागा पुरवतो म्हणून तिने हात झटकू नयेत.

तक्रारीसाठी एक ठिकाण ठरवा. राज्य जैवविविधता मंडळ असो किंवा दुसरे कोणी, पण एकच. किती दिवसांत उत्तर मिळेल तेही सांगा.

ज्यांच्या घरी ही रोपे आधीच आहेत, त्यांना घाबरवू नका. त्यांची विल्हेवाट कशी लावायची ते कंपन्यांनी आपल्या जुन्या ग्राहकांना कळवावे, पत्ते त्यांच्याकडे आहेतच. त्या मुलाची पाच रोपे मी ठेवून घेतली आणि बदल्यात त्याला आपल्या तळ्यातले साधे कमळ दिले. पानवेल गच्चीवर गोणपाटावर पसरली. पहिल्या दिवशी देठ टवटवीतच होते. सहाव्या दिवशी पाने कुरकुरीत झाली, पण बुडखा दाबला तर आत ओल होती. पूर्ण वाळायला चैत्रातल्या उन्हातही दहा दिवस लागले, मग ती जाळली. तिला नाल्यात टाकणाऱ्याला हे कसे माहीत असणार?

आणि लहान रोपवाटिकांना मुदत द्या. यादीतली झाडे ज्यांच्याकडे आहेत त्यांना ती नष्ट करायला वेळ आणि मार्गदर्शन हवे, पहिल्याच दिवशी दंडाची पावती नको. वाळलेल्या पानवेलीच्या टोपल्या, चटया विणणाऱ्या बायकांचे कामही या बंदीत अडकू देऊ नका. सुकलेला देठ तळ्यात उगवत नाही. बंदी जिवंत रोपावर आणि बियांवर हवी.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. गोदावरी स्वच्छ दिसावी म्हणून यंत्रे लागतील, माणसे लागतील, पैसा लागेल, तो लागायलाच हवा. नदीतून पानवेल काढणारे यंत्र आणि पानवेलीचे पार्सल आणणारी दुचाकी एकाच पुलावरून जाऊ नयेत, एवढे तुम्ही दिल्लीत बसून करू शकता.

सीडबॉलसाठी बी मागवायला लोक मे महिन्यात सुरुवात करतात आणि मृगाचा पाऊस पडला की ते डोंगरावर जाते. यादी त्याआधी यावी, ही विनंती.

आपली,
एक रोपवाटिकाधारक,
मखमलाबाद रोड, नाशिक